मोटारींतील वीज : तिचें वहन व तिचे विकार

मोटार वाटेंत बंद पडली म्हणजे मालकाचें लक्ष प्रथम तेलाच्या कांट्याकडे जातें. मग तो इंजिनावरचें झांकण उघडून आंत डोकावतो आणि अखेरीस मिस्त्रीला हांक मारतो. वास्तविक पुष्कळ वेळां दोष तेलांतहि नसतो आणि यंत्रांतहि नसतो. तो विजेंत असतो. वीज डोळ्यांना दिसत नाहीं, तिला वास नाहीं, ती गळून जमिनीवर सांडत नाहीं. चाकांतली हवा गेली तर तें लहान मुलासहि कळतें. पण तार आंतल्या आंत कुजली तर तें जाणत्यालाहि तपासल्यावांचून कळत नाहीं. म्हणूनच विजेच्या दोषापुढें चांगले शिकलेले गृहस्थहि गोंधळून जातात, आणि कोणी सांगेल तो भाग बदलून सांगेल ती किंमत देतात.

न दिसणाऱ्या वस्तूचें स्वरूप समजून घेण्यासाठीं दिसणाऱ्या वस्तूचा दृष्टान्त घ्यावा लागतो. ठाणें जिल्ह्यांतील श्रोत्यांना तो शोधण्यास दूर जावयास नको. बदलापुरापासून थोड्याच अंतरावर बारवी नदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें धरण आहे. उल्हासनगरासारख्या शहरांना आणि अंबरनाथ, डोंबिवली येथील कारखान्यांना त्याच्या पाण्याचा आधार आहे. या धरणाची उंची वाढविण्यांत आली तेव्हां त्याची पूर्ण भरण्याची पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर गेली, आणि मुरबाड तालुक्यांतील कांहीं वस्त्यांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. वाढलेल्या उंचीपर्यंत धरण प्रथम २०१९ सालच्या पावसाळ्यांत भरलें. आतां त्यांत सुमारें ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतें.

धरणाच्या पाण्याविषयीं तीन प्रश्न विचारतां येतात. पाणी किती उंचावर आहे? नळांतून दर क्षणाला तें किती वाहतें? आणि नळ त्याला किती अडवितो? विजेविषयींहि हेच तीन प्रश्न आहेत. पाण्याच्या उंचीच्या जागीं विजेचा दाब, तो व्होल्टांत मोजतात. वाहणाऱ्या पाण्याच्या जागीं प्रवाह, तो अँपिअरांत मोजतात. नळाच्या अडवणुकीच्या जागीं तारेचा रोध, तो ओहमांत मोजतात. दाब वाढला तर प्रवाह वाढतो, रोध वाढला तर तो घटतो. हा नियम जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रसिद्ध केला, आणि मोटारींतील विजेचे बहुतेक सर्व दोष या एका नियमाच्या उजेडांत ओळखतां येतात.

मात्र एका ठिकाणीं हा दृष्टान्त अपुरा पडतो. धरणाचें पाणी नळाच्या तोंडाशीं सांडलें तरी चालतें. विजेला जेथून निघाली तेथें परत यावेंच लागतें. जाण्याची वाट आहे पण येण्याची नाहीं, तर ती निघतच नाहीं. मोटारींत जाण्याची वाट तांब्याच्या तारेंतून असते आणि परतीची वाट गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतूनच केलेली असते. यामुळें निम्म्या तारा वांचतात. मिस्त्री लोक या परतीच्या वाटेस ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. या शब्दाचा घरांतील अर्थिंगशीं प्रत्यक्ष संबंध नाहीं. मोटारीचीं रबरी चाकें तिला जमिनीपासून वेगळीच ठेवतात.

मोटारींतील विजेचा सांठा म्हणजे बॅटरी. शिशाच्या पट्ट्या व गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकानें १८५९ सालीं सिद्ध केली, आणि इतक्या वर्षांनंतरहि बहुतेक मोटारींत मूळ तत्त्व तेंच आहे. तिच्यांत सहा घर असतात. प्रत्येक घरांत एक पट्टी शुद्ध शिशाची, दुसरी शिशाच्या प्राणिदाची, आणि दोहोंमध्यें पाणी मिसळलेलें गंधकाम्ल. एका घराचा दाब सुमारें २.१ व्होल्ट, सहांचा मिळून १२.६ व्होल्ट. बॅटरी वीज देऊं लागली कीं दोन्ही पट्ट्यांवर एकाच क्षाराचा थर चढूं लागतो आणि अम्ल पातळ होत जातें. भरलेल्या बॅटरींतील अम्लाचें विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास असतें. रिकाम्या बॅटरींत तें १.१२ च्या जवळ उतरतें. उलट दिशेनें वीज भरली कीं तो थर विरघळून पट्ट्या पूर्ववत् होतात. परंतु रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडूं दिली, तर हा थर कठीण होऊन बसतो आणि मग कितीहि वीज भरली तरी तो पुरता निघत नाहीं. पुष्कळ बॅटऱ्या वापरानें मरत नाहींत. त्या अशा उपासानें मरतात.

या सांठ्यावर सर्वांत मोठा हात मारणारें यंत्र म्हणजे इंजिन चालूं करणारी मोटर, जिला ड्रायव्हर लोक ‘सेल्फ’ म्हणतात. पूर्वीं इंजिन लोखंडी दांड्यानें हातीं फिरवावें लागे, आणि दांडा उलटा बसून मनगटें मोडत. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें बनविलेली विजेची सोय १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत प्रथम आली आणि ही आपत्ति टळली. लहान मोटारीच्या सेल्फला सुमारें १५० अँपिअर प्रवाह लागतो. आंकडा भयंकर वाटतो, परंतु तो लागतो दोन-तीन सेकंद. तीन सेकंदांचा हिशेब केला तर एक अष्टमांश अँपिअर-तास एवढीच वीज खर्च होते. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरींतून हा ३६० वा हिस्सा झाला.

आतां याच्या शेजारीं दुसरा हिशेब ठेवून पाहावा. घाईंत घरीं परतलेला गृहस्थ समोरचे मोठे दिवे तसेच ठेवून निघून गेला. प्रत्येकीं ५५ वॅटचे दोन दिवे आणि बारीक दिव्यांचे मिळून २५ वॅट. एकूण १३५ वॅट. बारा व्होल्टांनीं भागलें म्हणजे सुमारें ११ अँपिअर. चार तासांत बॅटरीचा तळ दिसूं लागतो. नुसते बारीक दिवे राहिले तरी रात्रभरांत दहा तासांचे वीस अँपिअर-तास जातात, म्हणजे जवळजवळ निम्मा सांठा. सेल्फचा घोंट मोठा पण क्षणाचा. दिव्याची धार बारीक पण अखंड. बॅटरी रिकामी होते ती बहुधा धारेनें.

सांठा खर्च होत असतां तो भरून काढणारा पाऊस मोटारीबरोबरच हिंडत असतो. त्याचें नांव अल्टरनेटर. चुंबक फिरवून तारेंत वीज उत्पन्न करतां येते हें मायकेल फॅराडे यानें १८३१ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर इंजिनाच्या पट्ट्यानें हें जनित्र फिरतें. जुन्या फियाट आणि ॲम्बॅसडर गाड्यांवर डायनामो असे. इंजिन मंद चाललें कीं त्याची वीज आटे, आणि बॅटरी उलट त्याच्यांतच रिती होऊं नये म्हणून ‘कटआऊट’ नांवाची पेटी लावावी लागे. १९६० नंतर सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि डायनामोची जागा अल्टरनेटरनें घेतली. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेस जाऊं देणारा दरवाजा. त्यामुळें कटआऊटचें काम आपोआप होतें.

धरण कांठोकांठ भरलें तर बंधाऱ्याला धोका. म्हणून बारवीला ठराविक पातळीवर आपोआप उघडणारे दरवाजे आहेत. मोटारींत हें काम रेग्युलेटर करतो. तो फिरणाऱ्या चुंबकाचें बळ कमी-अधिक करून दाब १३.८ ते १४.५ व्होल्टांच्या दरम्यान ठेवतो. यापेक्षां दाब कमी पडला तर बॅटरी भरत नाहीं. बराच वाढला तर अम्लांतील पाणी वायु होऊन उडून जातें, दिवे वरचेवर जळतात आणि नाजूक उपकरणें बिघडतात. कोणताहि पेट्रोलचा प्रश्न न काढतां, व्होल्ट मोजण्याच्या साध्या यंत्रानें तीन वाचनें घेतलीं तर अर्धा रोग कळतो. गाडी रात्रभर बंद असतां बॅटरीच्या टोंकांवर १२.६ व्होल्ट असावे. १२ वर आले असतील तर सांठा संपत आला असें समजावें. सेल्फ मारतांना दाब साडेनऊच्या खालीं जाऊं नये. गेला तर बॅटरी थकली. इंजिन चालू असतां चौदाच्या आसपास असावा. बाराच राहिला तर अल्टरनेटर कमवीत नाहीं, घरखर्च पूर्वींच्या शिल्लकेवर चालला आहे. किल्ली फिरवतांच लागणारा बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा इंजिन चालूं झाल्यावर विझला पाहिजे. तो वाटेंत लागला तर आणखी कांहीं मैलांनीं गाडी उभी राहणार, अशी ती आगाऊ सूचना असते.

आतां विकारांकडे वळावें. पहिला आणि सर्वांत सामान्य विकार बॅटरींत नसून तिच्या टोंकांवर असतो. किल्ली फिरवली, ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि दिवे मंदावले, कीं सर्वजण बॅटरी गेली म्हणतात. परंतु टोंकांवर पांढरट-हिरवी पूड साचली असेल किंवा चिमटा ढिला असेल तर भरलेली बॅटरीहि असेंच वागते. ओहमचा नियम येथें लावून पाहावा. सांध्यावर ओहमाचा केवळ शंभरावा भाग रोध आला आणि त्यांतून १५० अँपिअर जावयाचे असले, तर तेवढ्या एका सांध्यावर दीड व्होल्ट नाहींसे होतात. दोन सांधे असे असले तर सेल्फच्या वांट्यास नऊ-साडेनऊच उरतात. तोच सांधा घरांतील टपाच्या दिव्याचा अर्धा अँपिअर प्रवाह मात्र मुळींच अडवीत नाहीं. म्हणून “दिवा तर चांगला लागतो” हा पुरावा ग्राह्य नव्हे. टोंकें सोडून गरम पाण्यानें धुवावीं, घांसून लखलखीत करावीं, घट्ट बसवावीं आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. सोडतांना नेहमीं आधीं वजा टोंक सोडावें व जोडतांना तें शेवटीं जोडावें. म्हणजे पाना चुकून सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं.

दुसरा विकार परतीच्या वाटेचा. इंजिन रबरी उशांवर बसविलेलें असतें. तें सांगाड्याशीं एका विणलेल्या पट्टीनें जोडतात. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत ही पट्टी व तिचे स्क्रू गंजतात. मग चमत्कारिक लक्षणें दिसतात. ब्रेक दाबला कीं वळण्याचा दिवा अंधुक लुकलुकतो. हॉर्न वाजविला कीं कांटे हलतात. आपली वाट बंद झाल्यामुळें वीज शेजारच्या दिव्यांतून वाट काढीत असते. दिवा बदलून हा रोग जात नाहीं. सांधा खरवडून साफ केल्यानें तो पांच मिनिटांत जातो.

तिसरा विकार गुप्त गळतीचा. गाडी बंद असतांहि घड्याळ, दरवाजांचें कुलूप व चोरीची सूचना देणारें यंत्र यांना थोडी वीज लागते. ती बहुधा ५० मिलिअँपिअरच्या आंत असावी. परंतु सामानाच्या कप्प्यांतील दिवा झांकण लावल्यावरहि जळत राहिला, किंवा बाजारांतून आणून लावलेलें एखादें उपकरण किल्लीच्या अलीकडून जोडलें गेलें, तर दोन-तीन दिवसांत बॅटरी रिती होते. वजा टोंक सोडून मध्यें अँपिअर मोजणारें यंत्र घालावें आणि एकेक फ्यूज काढीत जावें. ज्या फ्यूजबरोबर कांटा उतरेल त्या वाटेवर गळती.

चौथा विकार मनुष्यनिर्मित आहे आणि तो सर्वांत भयंकर. फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली दुबळी कडी. तार तापण्यापूर्वीं ती वितळते व वाट तोडते. १० अँपिअरचा फ्यूज तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा व ३० चा हिरवा, असे रंग ठरलेले आहेत. फ्यूज वारंवार जातो म्हणून निळ्याच्या जागीं हिरवा बसविणें किंवा तारेचा तुकडा अडकविणें, म्हणजे चोरावर ओरडतो म्हणून राखणदाराचेंच तोंड बांधणें होय. नंतर फ्यूज जात नाहीं. तार जाते, तारेवरचें वेष्टण पेट घेतें आणि कधीं कधीं गाडीहि. मोठे दिवे, कर्णकर्कश भोंगे हे सर्व मूळ तारा मधेंच सोलून व चिकटपट्टी गुंडाळून जोडले जातात, तेव्हां हाच धोका पत्करला जातो. त्यांना स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र रिले व स्वतंत्र फ्यूज पाहिजे. उंदरांनीं कुरतडलेल्या तारांचेंहि असेंच. त्यांत दोन उघड्या तारांची गांठ पडेपर्यंत दोष दिसत नाहीं.

पांचवा विकार पावसाचा. पेट्रोल इंजिनांत ठिणगी पाडण्यास हजारों व्होल्टांचा दाब लागतो. कॉईल बारा व्होल्टांचे पंधरा-वीस हजार करते. जुन्या गाड्यांत हा दाब लांब तारांतून जाई, आणि पहिल्या पावसाबरोबर ओल्या तारांवरून वीज निसटून इंजिन अडखळे. आतां बहुतेक प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते, त्यामुळें तो त्रास घटला; पण दुसरा वाढला. आजच्या मोटारींत लहान लहान संगणक आहेत आणि ते बारीक तारांतून एकमेकांशीं बोलतात. त्यांच्या जोडांत ओल शिरली, कीं पितळेवर हिरवा गंज चढतो व दोष एक दिवस दिसतो, दुसऱ्या दिवशीं दिसत नाहीं. अशा वेळीं महागडा संगणक बदलण्यापूर्वीं जोड उघडून, सुकवून व स्वच्छ करून पाहावा हेंच शहाणपण. विजेवर चालणारी नवी मोटार घेतल्यानें यांतून सुटका होते असेंहि नाहीं. तिच्यांतहि एक लहान बारा व्होल्टांची बॅटरी असते, आणि ती रिती झाली तर मोठी बॅटरी भरलेली असूनहि गाडी जागची हलत नाहीं. शिवाय तिच्यांतील नारिंगी रंगाच्या तारांत प्राणघातक दाब असतो. त्यांना माहितगारावांचून कोणीहि हात लावूं नये.

सर्वांत मोठें संकट पुराचें. २६ जुलै २००५ चा पाऊस या भागांतील लोक विसरलेले नाहींत. पुढें २०१९ च्या जुलै महिन्याच्या २६-२७ तारखांस उल्हास नदीस पूर आला. बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकली आणि सुमारें १,०५० प्रवाशांना बाहेर काढावें लागलें. बदलापुरांत नदीकांठच्या वस्त्यांत इमारतींखालीं उभ्या असलेल्या मोटारींत पाणी शिरलें. अशी गाडी पाणी ओसरल्यावर सुस्थितींत आहे कीं काय हें पाहण्यासाठीं किल्ली फिरविण्याचा मोह होतो. तोच नेमका टाळला पाहिजे. इंजिनाच्या नळकांड्यांत पाणी असेल तर तें दाबलें जात नाहीं. दट्ट्याचा दांडा मात्र वांकतो. तारांत ओल असेल तर पहिल्याच प्रवाहाबरोबर जे भाग सुकवून वांचले असते ते जळतात. बंद पडलेल्या पाण्यापेक्षां त्यांतून सोडलेली वीज अधिक नाश करते. म्हणून पाणी उतरल्यावर प्रथम वजा टोंक सोडावें आणि गाडी ओढून नेऊन उघडवावी. विजेच्या गाडीबाबत हें सर्व काम जाणत्यांवरच सोंपवावें.

गाडी पाण्यांत असतां आंत माणसें असलीं, तर प्रश्न गाडीचा राहत नाहीं. आजच्या कांचा विजेवर वरखालीं होतात आणि कुलपेंहि विजेचीं आहेत. पाणी दारापर्यंत चढलें कीं तीं केव्हां साथ सोडतील याचा नेम नाहीं, आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळें दार उघडत नाहीं. म्हणून पाणी चढूं लागतांच पट्टे सोडावे, कांच ताबडतोब खालीं घ्यावी आणि मुलांना आधीं बाहेर काढावें. दीड-दोन फूट वाहतें पाणी लहान मोटार उचलून नेऊं शकतें; तेव्हां रस्त्यावरून पाणी वाहत असतां पलीकडची कडा जवळ दिसते म्हणून गाडी घालूं नये. बदलापुराहून बारवीच्या अंगानें मुरबाडकडे जाणारा रस्ता असो वा दुसरा कोणताहि, हा नियम सर्वत्र सारखाच.

वाटेंत बॅटरी रितीच झाली आणि दुसऱ्या मोटारीची मदत मिळाली, तर जोडण्याचा क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम रित्या बॅटरीचें अधिक टोंक, मग भरलेल्या बॅटरीचें अधिक टोंक. नंतर भरलेल्या बॅटरीचें वजा टोंक, आणि शेवटचा चिमटा रित्या बॅटरीवर न लावतां दूर इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावावा. कारण शेवटच्या जोडाशीं ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशीं हायड्रोजन वायु साचलेला असतो. एवढी एक गोष्ट न पाळल्यामुळें बॅटरी फुटून डोळ्यांत अम्ल जाऊं शकतें.

या सर्व विवेचनाचा व्यवहारी निष्कर्ष थोडक्यांत सांगतां येतो. मृगापूर्वीं शेतकरी बांध व पन्हळ तपासतो, तसें मोटारवाल्यानें मे महिन्यांत एक सकाळ विजेस द्यावी. बॅटरीचीं टोंकें स्वच्छ व घट्ट आहेत ना, पट्टा चिरलेला वा ढिला नाहीं ना, चालत्या इंजिनावर चौदा व्होल्ट येतात ना, परतीच्या पट्टीवर गंज नाहीं ना, फ्यूज आपापल्या रंगाचे आहेत ना आणि सर्व दिवे व पाणी पुसणारे दांडे चालतात ना, एवढें पाहण्यास पाऊण तास पुरतो. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तिच्याकडून आणखी एका पावसाळ्याची अपेक्षा तपासल्यावांचून करूं नये. मिस्त्री ‘बॅटरी बदला’ म्हणाला तर व्होल्ट मोजून दाखविण्यास त्याला नम्रपणें सांगावें. प्रामाणिक कारागिराला या मागणीचा राग येत नाहीं, आणि मोजमापाच्या कांट्यापुढें अंदाजाची किंमत कोणालाहि द्यावी लागत नाहीं.